अकरा सामने गप्प बसलेला ढोल

मित्रांनो, मार खाण्यासाठीच जन्मलेल्यांपैकी मी एक आहे. ढोल म्हटला की टिपरू आले आणि टिपरू आले की मार आला. म्हणून कोणी मला बडवले याबद्दल माझी कधीच तक्रार नव्हती. माझा राग वेगळ्या गोष्टीचा आहे आणि तो सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

जोंगउप गावच्या छे ग्वांग-हो नावाच्या कारागिराने मला घडवले. हलक्या लाकडाच्या फळ्या जोडून त्याने माझे पोट केले, बैलाचे कातडे तीन दिवस भिजवून दोन्ही तोंडांवर ताणले आणि दोऱ्या आवळल्या. मग एकच ठोका दिला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. “हा घरात मावायचा नाही,” एवढेच तो म्हणाला.

मला घ्यायला आला तो ग्वाक मान-बोक. मोकपोच्या जहाज कारखान्यात तो वेल्डिंग करायचा. तिथल्या ठणठणाटाने त्याचा डावा कान पार गेला होता. त्याने मला पोटाशी धरून वाजवले आणि त्याचा चेहरा उजळला. कानाला जे पोचत नव्हते ते त्याच्या बरगड्यांना पोचले असावे. चोवीस वर्षांची आमची सोबत आहे, म्हणून मी त्याच्याबद्दल एकेरीत बोलतो. राग मानू नका.

मान-बोकने मला सरळ बेसबॉलच्या मैदानावर नेले. पहिल्या बेसच्या बाजूचा स्टँड, तेरावी रांग. आमचा संघ मोकपो क्रेन्स. क्रेन म्हणजे करकोचा, पण जिंकण्याच्या बाबतीत आमचे पक्षी फार उंच उडाले नाहीत. एकदाच, फक्त एकदाच ते विजेते झाले. त्या संध्याकाळी लोकांनी मला खांद्यावर घेऊन बंदरापर्यंत मिरवले आणि माझ्यावर इतकी दारू सांडली की आठवडाभर माझा आवाज घोगरा होता.

प्रत्येक खेळाडूचा ठेका वेगळा. त्यात मला सर्वांत आवडायचा दो पिल-सूचा. तो आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा. इथल्याच कोळ्याचा मुलगा, रुंद पाठीचा, कमी बोलणारा. दोन लांब ठोके, तीन आखूड आणि मग हजारो तोंडांतून त्याचे नाव. पंधरा वर्षे तो बॅट घेऊन यायचा आणि पहिला चेंडू येण्याआधी एकदा आमच्या स्टँडकडे बघायचा. बस, एवढीच आमची ओळख.

मग ती बातमी आली.

नोव्हेंबर महिना होता. सुन-दोक मावशींच्या ऑक्टोपसच्या दुकानामागे किमचीसाठी कोबी मिठात घालायचे काम चालले होते. मावशी आमच्या रांगेतल्या सर्वांत जुन्या आणि सर्वांत तोंडाळ. हिवाळ्यात मी त्यांच्याच दुकानात, बर्फाच्या पेट्यांपासून लांब, कोरड्या फळीवर असायचो. मान-बोक कोबी चिरता चिरता फोन बघत होता. एकाएकी त्याने सुरी खाली ठेवली.

“ताई, महाव्यवस्थापक नेमला आपल्याला.”

“कोण?”

“प्यो जे-ग्युन.”

मावशींच्या हातातला कोबी घमेल्यात पडला. “छुंगजूवाला? तो संघ गिळणारा?”

“तोच.”

“अरे, त्यांना दुसरं मेलं कुणी मिळालं नव्हतं का!”

मित्रांनो, महाव्यवस्थापक म्हणजे संघाच्या कचेरीतला मुख्य माणूस. कोणता खेळाडू घ्यायचा, कोणाला जाऊ द्यायचे, हे तो ठरवतो. हा प्यो आधी छुंगजूच्या संघात होता आणि त्याच्याच सहीने तो संघ छुंगजू सोडून दुसऱ्या शहरात गेला होता. एका रात्रीत तिथल्या लोकांचे करकोचे उडाले म्हणा ना. आता आमच्या मैदानाचा करार पुढच्या वर्षी संपणार होता आणि आमची मालक कंपनी, सोलमधली रंग बनवणारी कंपनी, नेमक्या याच माणसाला आमच्याकडे पाठवत होती. यातून काय समजायचे ते दूधखुळ्यालाही समजले असते.

गाव पेटले. बाजारात, बसथांब्यावर, न्हाव्याच्या दुकानात एकच विषय. प्यो रुजू झाला त्या दिवशी कचेरीच्या दारात मयताला पाठवतात तसली फुलांची चक्रे रांगेने उभी होती. त्यांच्या काळ्या फितींवर लिहिले होते, ‘मोकपोच्या बेसबॉलला श्रद्धांजली’. लोकांनी विजेच्या पाटीचा एक ट्रक आणला आणि तो दिवसभर मैदानाभोवती फिरवला. पाटीवर अक्षरे पळत होती, ‘प्यो, चालता हो’. मान-बोकने मला ट्रकच्या टपावर बसवले होते. इतके जोरात त्याने मला कधी वाजवले नव्हते. खोटे कशाला बोलू, मलाही चेव चढला होता.

मार्चमध्ये हंगाम सुरू व्हायच्या आधी चाहत्यांची सभा झाली. मान-बोक उभा राहिला आणि म्हणाला, “प्यो जाईपर्यंत एक टाळी नाही. एक गाणं नाही. ढोल नाही. रिकामं मैदान कसं वाजतं ते कळू दे त्याला.”

“आणि पोरं खेळतात त्यांचं काय?” मावशींनी विचारले. “पिल-सूचा गुडघा बघितलास का? शेवटचं वर्ष आहे त्याचं.”

“पिल-सू समजून घेईल, ताई. तो आपला आहे.”

“आपला आहे म्हणून त्यालाच उपाशी ठेवायचं?”

पण मते मोजली तेव्हा मान-बोकचा ठराव जिंकला. माझे मत कोणी विचारले नाही.

असे अकरा सामने झाले. मला रोज मैदानात नेत, तेराव्या रांगेत ठेवत आणि माझ्यावर काळे फडके टाकत. संघाचे झेंडे उलटे टांगलेले. हजारो माणसे हाताची घडी घालून बसलेली. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात शिरल्याचा फटका मला प्रथमच इतका स्पष्ट ऐकू येत होता. खेळाडू एकमेकांना हाका मारत, त्यांचे आवाज केविलवाणे वाटत. क्रेन्स हरत गेले. आणि प्यो? तो वर, अधिकाऱ्यांच्या कक्षात काचेमागे बसून कागदावर काहीतरी लिहीत असे. आमच्या मौनाने त्याच्या कपाळावर एक आठी पडली नाही. मित्रांनो, तेव्हापासून मला राग यायला लागला. आधी प्योचा. मग आमचाच.

अकरावा सामना. पाचव्या डावात पिल-सूने चेंडू भिंतीला नेऊन भिडवला आणि आपला दुखरा गुडघा ओढत तो दुसऱ्या बेसपर्यंत पोचला. तिथे उभा राहून त्याने हेल्मेट सरळ केले आणि आमच्याकडे पाहिले. स्टँड मढ्यासारखा गप्प.

सुन-दोक मावशींना ते सहन झाले नाही. त्यांनी माझ्यावरचे फडके ओढले आणि टिपरू उचलले.

“ताई, ठेवा ते,” मान-बोक म्हणाला.

“नाही ठेवत, जा! कर काय करायचंय ते!”

“ठराव झालाय!”

“चुलीत घाल तुझा ठराव! बघ, बघ तो कसा बघतोय!”

त्यांनी एक ठोका दिला. एकच. मान-बोकने त्यांच्या हातातले टिपरू हिसकले. मागच्या रांगेतून कोणी ओरडले, “फितूर!” कोणी म्हणाले, “वाजवू द्या की!” ढकलाढकली झाली, बिअरचे पेले सांडले, तळलेली कोंबडी पायदळी गेली. मावशी मला पकडायला वाकल्या आणि तेवढ्यात माझ्या एका तोंडावर लाथ बसली. कातड्याचे पान फाटले. असा आवाज माझ्यातून निघाला की भांडणारे सगळे थिजले.

ती लाथ मान-बोकची होती.

तो माझ्याकडे बघत राहिला. मावशी हळूच म्हणाल्या, “प्योला मारायची होती ना रे ही? हा जवळ सापडला म्हणून यालाच का?”

दोन डावांनंतर समोरच्या संघाचा एक धावपटू धाव पुरी करायला घरच्या बेसवर झेपावला. पिल-सू आडवा आला आणि त्याचा गुडघा त्याच्याच अंगाखाली मुडपला. त्याला स्ट्रेचरवर घालून नेले. आमच्याकडे ढोल नव्हता. अकरा सामन्यांची सवय इतकी मुरलेली की टाळ्यासुद्धा उशिरा आणि तुरळक आल्या. तो पुन्हा कधी खेळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मान-बोक मला पाठीला बांधून थेट कचेरीत घुसला. प्यो डबा खात होता. पन्नाशीचा, सडपातळ, झोप न झालेल्या डोळ्यांचा माणूस. मान-बोकने मला त्याच्या टेबलावर आदळले.

“लिहून द्या. संघ मोकपो सोडणार नाही असं लिहून द्या.”

“ते माझ्या हातात नाही.”

“मग तुमच्या हातात काय आहे?”

प्योने चॉपस्टिक खाली ठेवल्या. “खरं सांगू? शिव्या खाणं. त्यासाठीच मला इथे बसवलंय. छुंगजूलाही तेच केलं. निर्णय सोलला झाला, सही माझी लागली. पाच महिने तुम्ही माझ्या नावाने ओरडताय. कंपनीच्या सोळाव्या मजल्यावर, मालकांपर्यंत, एकदा तरी आवाज गेला का?”

“लाज नाही वाटत हे सांगताना?”

“वाटते.”

“मग ही खुर्ची घेतलीत कशाला?”

प्योने डब्याचे झाकण लावले. मान-बोकने मला उचलले. दारातून वळून म्हणाला, “मी तुम्हाला माफ केलं असं समजू नका. पहिला नंबर सोलचा, तुमचा दुसरा, एवढंच.”

तिथून तो मला जोंगउपला घेऊन गेला. माझा कारागीर केव्हाच वारला होता, त्याची मुलगी आता काम बघत होती. तिने फाटलेल्या पानावर हात फिरवला. “ही टिपराची जखम नाही,” ती म्हणाली. मान-बोकने मान खाली घालून सांगितले, “माझी आहे.” नवे पान चढायला बारा दिवस लागले आणि बाराही दिवस तो तिथल्या बाकावर येऊन बसत होता.

मग आम्ही सोलला गेलो. एकटे नाही. सात बसगाड्या भरून मोकपो निघाले होते. त्या रंगाच्या कंपनीसमोरच्या फुटपाथवर रोज दुपारी, कर्मचारी जेवायला बाहेर पडायच्या वेळेस मान-बोक मला वाजवी आणि लोक आमच्या खेळाडूंची नावे घेत. एकेकाचा ठेका, एकेकाचे नाव. शिवी एकही नाही, ही अट मावशींनी घातली होती आणि ती पाळताना सर्वांत जास्त त्रास मावशींनाच झाला. पहिल्या दिवशी सोळाव्या मजल्यावरचे पडदे ओढले गेले. चौथ्या दिवशी पोलीस आले, परवानगीचा कागद बघून गेले. नवव्या दिवशी एक अधिकारी खाली आला आणि म्हणाला की मैदानाचा करार दहा वर्षांनी वाढवण्याचा विचार आधीपासूनच चालू होता.

“आधीपासून!” मावशी म्हणाल्या. “बघा, किती मनकवडे आहेत!”

करार झाला. संघ राहिला. प्योही राहिला. मान-बोक आजही त्याला नमस्कार करत नाही, आणि प्यो आजही त्याच्या समोरून जाताना पावले भरभर उचलतो.

पण मित्रांनो, इथे गोष्ट गोड झाली असे म्हणायची माझी तयारी नाही. पिल-सूने निवृत्ती जाहीर केली, त्याला निरोपाचा सामना मिळाला नाही. त्याच्या बायकोचे गरम रश्शाचे छोटे दुकान आहे, तिथे तो आता भांडी उचलतो, किंचित लंगडत. हंगाम संपल्यावर मान-बोक मला घेऊन तिथे गेला. गिऱ्हाईक कोणी नव्हते.

“पिल-सू, तुझा ठेका वाजवायचा राहिला,” तो म्हणाला. “वाजवू का? इथेच. एकदा.”

पिल-सूने टेबल पुसायचे थांबवले. “दादा, त्या दिवशी दुसऱ्या बेसवरून मी तुमच्याकडे बघितलं होतं.”

“माहितीये मला.”

“मग आता नको.”

त्याचा आवाज चढला नव्हता. त्याने मान-बोकसमोर रश्शाचा वाडगा ठेवला, मुळ्याची किमची ठेवली आणि आत निघून गेला. मान-बोकने वाडगा संपवला. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. माझे नवे पान कडक ताणलेले होते, त्यातून हवा तेवढा आवाज निघाला असता आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

मित्रांनो, राग जरूर धरा. जे तुमचे घर उचलून न्यायला बघतात त्यांच्यावर राग धरला नाही तर माणूस कशाला म्हणायचे? पण तो सोळाव्या मजल्यापर्यंत पोचवायचे कष्ट घ्या. हाताशी आहे, आपला आहे, समजून घेईल, म्हणून त्याच्यावर तो काढू नका. फाटलेले कातडे बदलता येते. पिल-सूचे ते अकरा सामने कोणत्याही कारागिराला पुन्हा ताणून देता यायचे नाहीत.

आज साडेसहाला सामना आहे. नवा कॅचर इंछनहून आला आहे आणि अजून तो आमच्या स्टँडकडे बघायला शिकलेला नाही. त्याच्यासाठी कोणता ठेका घ्यावा यावर मावशी आणि मान-बोक दुपारपासून कडाकडा भांडत आहेत. भांडू देत. पहिला चेंडू पडायच्या आत ठरवले म्हणजे झाले.