माझा उजेड बुजवला

मी कागद बोलतोय. वहीतला नव्हे, जलरंगाचा. जाड, खरखरीत, सुती चिंध्यांच्या लगद्यातून निघालेला. चिंध्यांचा म्हणून नाक मुरडू नका. माझ्यावर शिडाच्या होड्या आहेत आणि पाण्यावर सकाळचा उजेड होता. तो उजेड कुठल्या रंगाचा नव्हता, तो मी होतो. 'होतो' म्हणतोय, नीट ऐका.

मला विकत आणलं एका म्हाताऱ्या रंगाऱ्याने. उभा जन्म त्याने लोकांच्या भिंती रंगवल्या. गुडघे शिडी चढेनात, तेव्हा धंदा मुलाच्या हवाली केला आणि जलरंग घेऊन खिडकीशी बसला. खिडकीतून बंदर दिसायचं.

मुलगा चेष्टा करायचा, "बाबा, एवढ्याशा ब्रशने दिवसभर काय गिरवता? तेवढ्यात माझ्या दोन खोल्या उरकतात."

"तू उरक रे बाबा. मला जरा पाण्याशी खेळू दे."

खेळ कसला, छळच होता. माझे कितीतरी भाऊबंद त्याने वाया घालवले. जलरंगात उजेड रंगवायचा नसतो, तेवढा कागद कोरा सोडायचा असतो. म्हाताऱ्याला हे डोक्याने कळायचं, हाताला कळायचं नाही. हात भिंतींचा! मोकळी जागा दिसली की रंग फासलाच. मग स्वतःलाच शिव्या घालत तो कागद टराटरा फाडायचा.

माझ्या वेळी मात्र हात आवरला. फिकट निळा ओघळू दिला, होड्यांची अंगं गडद केली, शिडं कोरी ठेवली. पाण्यावरून जवळजवळ सुका ब्रश असा भर्रकन नेला की मधेमधे मी उघडा राहिलो आणि लखलखायला लागलो. म्हातारा मागे रेलला. "झालं. आता हात लावायचा नाही," असं मोठ्याने म्हणाला. घरात तेव्हा कुणी नव्हतं. तेच नडलं.

त्याच आठवड्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. खिडकीची खोली सोडून त्याला आतल्या खोलीत, मुलाच्या नजरेसमोर हलवलं.

मुलगा नालायक असता तर बरं झालं असतं, दोन शिव्या तरी हासडल्या असत्या मी. पण तो बापाला भरवतो, पुसतो, कूस बदलतो. कधी तोंड वाकडं केलं नाही त्याने.

एक दिवस म्हाताऱ्याची बहीण भेटायला आली. तिने मला हातात घेतलं.

"अगं बाई, हे अर्धवटच राहिलं की रे! शिडं कोरी, पाणी मधेमधे उघडं."

मुलाचा चेहरा पडला. "आत्या, बाबांनीच शिकवलंय, खालचा पांढरा दिसला तर काम फुकट. त्यांना रुखरुख लागली असणार. मी पुरं करतो."

आणि केलं. महागातला रंग आणला. शिडांवर पांढरा दिला. हो, पांढऱ्यावर पांढरा! पाण्यातली एकेक मोकळी रेघ पिवळ्याने बुजवली. हात साफ आहे पोराचा, कुठे जरा बाहेर गेला नाही. मी मात्र गुदमरून मेलो. ज्या जागी लखलखत होतो, तिथे आता भिंतीसारखा रंगाचा थर आहे.

मग चौकटीत घालून मला बापापुढे धरलं. म्हाताऱ्याने पाहिलं. घशातून कसलासा आवाज काढला, डावा हात माझ्याकडे उचलला आणि ढसाढसा रडला.

"आत्या, बघ! आनंद बघ किती झालाय त्यांना!"

आत्यानेही पदराने डोळे पुसले. मला खाटेसमोर ठोकलं, त्याला पडल्यापडल्या दिसेल असं.

हल्ली म्हातारा मान बाजूच्या कोऱ्या भिंतीकडे वळवून पडतो. तेवढंच त्याला जमतं. पण मुलगा येतो, "बाबा, मान अवघडेल ना," म्हणतो आणि हळुवार हाताने त्याचं तोंड पुन्हा माझ्याकडे करतो.

अरे, एवढी माया आहे ना तुझी? मग मला उतरव. चुलीत घाल, माझी तक्रार नाही. बापाची खाट खिडकीशी ने, बंदर अजून जागेवर आहे. पण माझं कोण ऐकतंय?

हा बघा, आलाच. उशी सारखी केली, मान सरळ केली.

"दिसतंय ना नीट, बाबा?"

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतलेत.