अठ्ठेचाळीस सालचे रूप

मित्रांनो, इंजिन म्हटले की धावणे आलेच, असे तुम्हाला वाटत असेल. मी मात्र असे एक जुने वाफेचे इंजिन आहे, ज्याचे निम्मे आयुष्य जागच्या जागी उभे राहण्यात गेले. त्याचा मला राग येतो. वय झाले म्हणून राग विझतो थोडाच? पोटात विस्तव घेऊन जन्मलेल्याकडून शांतपणाची अपेक्षा धरू नका.

माझा जन्म सिडनीतल्या एका कारखान्यात झाला. काळा रंग अंगावर चढला आणि मी डोंगरापलीकडच्या गावांना जाऊ लागले. लोकरीच्या गासड्या, मेंढ्या, सुट्टीला निघालेली कुटुंबे, युद्धावर निघालेले सैनिक, सगळ्यांना मी ओढले. चढावर मी धापा टाकत असे, तेव्हा आजूबाजूच्या बायका दोरीवरचे कपडे भराभर काढत आणि मला शिव्यांची लाखोली वाहत. तरी गाडी वेळेवर आली की त्यांचीच मुले मला हात करत.

मग रुळांवर तारा आल्या. विजेच्या गाड्यांना ना कोळसा लागे, ना पाणी. मला एका बागेत नेऊन कुंपणात उभे केले. मुले माझ्यावर चढत, माझ्या चिमणीत आइस्क्रीमच्या काड्या टाकत. पुढे बागेत मोठी घसरगुंडी आली आणि मुलेही फिरकेनाशी झाली. तेवीस वर्षे मी त्या कुंपणात काढली.

तिथून मला सोडवले ते जुन्या गाड्यांच्या एका मंडळाने. कोणी शिक्षक, कोणी नळ दुरुस्त करणारा. दर शनिवारी येत, घरचे सँडविच खात आणि हात काळे करून परत जात. बारा वर्षे खपून त्यांनी मला पुन्हा धूर सोडायला लावले. वर्षातून दोनदा मी सहलीची गाडी घेऊन शहराच्या मोठ्या स्थानकात जाऊ लागले.

मंडळाचा म्होरक्या मर्व्ह ट्रँटर. माझा चालकही तोच. त्याचे वडील अठ्ठेचाळीस साली मला चालवत. त्या वर्षीचा माझा फोटो मर्व्हच्या पाकिटात असतो, आणि मी त्या फोटोबरहुकूम दिसले पाहिजे, हा त्याचा हट्ट. घोडे पेंड खाते ते इथेच.

माझ्या पाण्याच्या टाकीचे झाकण वरच्या अंगाला आहे. स्थानकात वर पंधराशे व्होल्टच्या तारा. तिथे माझ्या पाठीवर चढणे म्हणजे मरणच. म्हणून मंडळाने टाकीच्या कुशीला एक नवे तोंड केले होते, नळी बाजूने जोडता यावी म्हणून. फोटोत ते तोंड नव्हते. मर्व्हच्या डोळ्यांत ते सलू लागले. जूनच्या सहलीआधी त्याने त्यावर पत्रा बसवला, खोटे रिव्हेट ठोकले, वरून काळा रंग दिला.

"आता दिसतेय म्हातारी बाबांच्या फोटोतली!" तो म्हणाला. पाणी तर परतीच्या वाटेवर, तारा संपल्यावर, वरूनच भरायचे होते.

सहलीच्या दिवशी मी अकरा वाजता स्थानकात शिरले आणि फलाटाच्या टोकाशी, अडथळ्याला नाक लावून थांबले. नेहमी मागून डिझेल इंजिन येते, डबे ओढून नेते, मग मी सुटते. त्या दिवशी ते डिझेल वाटेतच बंद पडले. पुढे भिंत, मागे आठ डबे, डोक्यावर तारा. शेजारून विजेच्या गाड्या तीन-तीन मिनिटांनी येत होत्या, जात होत्या. मला हेवा वाटला. लोक फोटो काढत होते आणि मी त्यांच्यासमोर तहानेने कासावीस होत होते.

कोळसा टाकणारी लिअ‍ॅन, एरवी दाताच्या दवाखान्यात काम करणारी, काचेच्या नळीवर डोळे लावून बसली होती. माझ्या पोटात पाणी किती ते त्या नळीत दिसते.

"मर्व्ह, दोन बोटं राहिलंय. टाकीचा तर तळ वाजतोय."

"येईल गं ते डिझेल. तोवर धर कसंतरी."

"धरू कशात, टोपीत?"

मित्रांनो, पाणी संपले की माझ्या भट्टीच्या छतातले शिशाचे बूच वितळते, वाफ भट्टीत घुसते आणि माझा कारभार आटोपतो. मोकळ्या रानात वेळीच निखारे खाली ओढता येतात. फलाटावर, माणसांच्या पायांशी, ते कसे करणार? आणि भर शहरात मी मेले, तर वाफेचे इंजिन पुन्हा इथे येणार नाही, असे रेल्वेच्या वरिष्ठांनी आधीच बजावले होते.

स्थानकावरचा कर्मचारी विलियामी लांब नळी ओढत आला. "नळ सापडला, नळी आणली. तोंड कुठंय हिचं?"

लिअ‍ॅनने पत्र्याकडे बोट दाखवले.

"वरून सोडा की पाणी," तिकाटण्यावर कॅमेरा लावलेला एक गृहस्थ म्हणाला.

"तारेला धार लागली तर तुमचं बार्बेक्यू होईल, दादा. कांद्यासकट," विलियामी म्हणाला.

लिअ‍ॅनने छिन्नी आणि हातोडा मर्व्हपुढे धरला. "मी फोडू, की तू?"

मर्व्ह पत्र्याकडे बघत राहिला. मला वाटले, हा माणूस फोटोसाठी मला मरू देतो की काय! मला त्याची भीती वाटली, खरेच सांगते.

"दे इकडे," तो अखेर म्हणाला. "मीच शिवलंय, मीच उसवतो."

हातोडा पडला. खोटे रिव्हेट फलाटावर उडाले, रंगाचे पोपडे निघाले. कॅमेरावाले गृहस्थ ओरडले, "अहो, काय करताय! अठ्ठेचाळीस साली तिथं भोक नव्हतं!"

"अठ्ठेचाळीस साली मी दुपट्यात होतो, दादा. त्याच फोटोत आहे, आईच्या कडेवर. म्हणून आज दुपटं गुंडाळून गाडी चालवू का?"

लोक हसले. मर्व्हने शेवटचा रिव्हेट उडवला. पत्रा सुटला, विलियामीने नळी जोडली आणि थंडगार पाणी माझ्या कुशीत शिरले. दीड वाजता डिझेल आले. मी मागे सरकले तेव्हा मला रडू आले असते, पण आमचे रडणे वाफेतच जाते.

उशिराबद्दल मंडळाला खरमरीत पत्र आले, पण शहराचे दार बंद झाले नाही. तो पत्रा पुन्हा बसवला गेला नाही.

मित्रांनो, कुंपण घालणाऱ्यांवर मी वर्षानुवर्षे चिडले. पण माझा घोट अडवला होता तो माझ्यावर जीव टाकणाऱ्या माणसाने, आणि तोही लाडाने. म्हणून तुमच्याकडे जुने काही असेल, वस्तू असो की माणूस, तर त्याला जरूर जपा. मात्र घासूनपुसून फोटोला उभे करण्याआधी एकदा विचारा, बाबा रे, तुला तहान लागली आहे का?