एका गालाचा परवाना

मित्रांनो, अमृतरावांची दाढी शेवटी अर्धीच राहिली. हे मी तुम्हाला अजून सांगितलेलं नाही.

मी तेलंगणातल्या बाजारहत्नूरच्या सलूनमधली एक जुनी खुर्ची आहे. माझी पाठ एकदा मागे झुकली की लवकर उठत नाही. त्यामुळे गावातल्या पुष्कळ थोर माणसांनी छताचे पत्रे मन लावून पाहिले आहेत.

माझा पहिला मालक पंढरी. तो न्हाव्याच्या व्हिशावर आखातात गेला आणि तिथे मेंढ्या कातरू लागला. इकडे गावाचे केस वाढले. मग सीमेपलीकडून, महाराष्ट्रातल्या किनवटहून हर्षदीप आला. त्याचा हात इतका हलका की गिऱ्हाईक घोरायचं. गाव देखणं झालं. वाट पाहणाऱ्यांमुळे शेजारचं चहाचं दुकानही चालू लागलं.

पुढे तिथल्या सरकारने ठरवलं की यापुढे केस आपल्याच माणसांनी कापायचे. पंढरी कागदावर न्हावीच होता. त्यामुळे मेंढ्यांनाही स्थानिक माणूस मिळाला आणि पंढरी परत आला. येताना त्याने 'कफील' हा शब्द आणला. तिकडे कफील म्हणजे परक्या कामगाराचा जामीनदार. तो नसेल तर काम बंद.

सरपंच अमृतरावांना हा शब्द फार आवडला. तेव्हा ते माझ्यावरच बसले होते, उजवा गाल साफ, डाव्यावर फेस. दुपारी त्यांच्या मुलीला, सुनयनाला पाहायला पाहुणे येणार होते. तरी त्यांनी तिथल्या तिथे गावाचं धोरण जाहीर केलं आणि हर्षदीपला विचारलं, "तुहा कफील कोन?"

"किनवटची माय," तो म्हणाला.

"ते चालत नाई. ठेव वस्तरा."

हर्षदीपने वस्तरा ठेवला आणि पायरीवर जाऊन बसला. पंढरी पुढे झाला. त्याने सवयीने सरपंचांना उचलून जमिनीवर आडवं केलं आणि त्यांची मान गुडघ्यांत धरली. सरपंचांचा आवाज ऐकून त्यांच्या पत्नी सोनाबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"हा परदेशी, तर मी कोन? मायं माहेर बी किनवटच हाय. पाहुन्यायचा सैपाक कोनाच्या परवान्यानं करू?"

अमृतरावांना धोरण मागे घेववेना आणि उपाशीही राहवेना. पाहुण्यांपुढे ते दुपारभर उजवा गाल करून बसले. धोरण तेव्हापासून विचाराधीन आहे. हर्षदीप पायरीवर, पंढरी गावभर मेंढ्या शोधत आणि मी रिकामी.

तरी माननीय जिल्हाधिकारी साहेबांना नम्र विनंती, की हर्षदीप, मूळ राहणार किनवट, यांना निदान डाव्या गालापुरता कामाचा परवाना देण्यात यावा. जमल्यास माझ्या पाठीच्या बिजागरीला तेलही मंजूर व्हावे. कफील म्हणून मी खाली सही केली आहे, चारही पायांनी.