आईकडची माणसं

गेल्या वर्षी रुख्माच्या कॅन्सरच्या गाठीवर किरणांचा इलाज झाला. कातडी काळवंडली, पण महिन्याभरात बाई धानाच्या बांधीत रोवणीला उभी. ती इतक्या लवकर कशी सावरली, त्याचाच अभ्यास करायला दवाखान्यातून येणाऱ्या आचल मॅडमचा निरोप होता, "घरच्यांचं रक्त घ्यायचंय. तीन पिढ्या हव्यात."

रुख्माचा नवरा टिकाराम याने मुर्री गावातलं आपलं अख्खं खानदान अंगणात उभं केलं. चुलते, भाऊ, पुतणे, अकरा पुरुष आंघोळी करून हजर!

आल्या आल्या आचल मॅडमला हसू आवरेना. "काका, यातल्या एकाचंही चालणार नाही."

"काऊन? आमच्या रक्तात खोट हाये का?"

"खोट नाही. पेशीला ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया असतात. त्यांचा डीएनए वेगळा, तो आईकडूनच येतो. किरण पडल्यावर पेशी सावरते, त्यात त्याचा हात किती, हे शोधतोय. काकू, त्यांची मुलगी आणि काकूंची आई हवी. आमची गाडी दोनला निघेल."

रुख्माची आई धुरपता कोहमाऱ्याला मुलाकडे राहायची. आठ वर्षांमागे भर पंगतीत टिकाराम तिच्या खाण्यावर बोलला होता. ती ताटावरून उठली, ती पुन्हा या उंबऱ्यावर चढलीच नाही. रुख्माला ते रोज सलायचं.

आज ती धीर करून म्हणाली, "तुमीच जा जी आणाले. मी बलावलं तं माय येत नाही."

एक पुतण्या खिदळला, "जा गा काका! आपलं खानदान तं नापास झालं!"

टिकारामने मान खाजवली आणि मोटरसायकल काढली.

रुख्माचे डोळे रस्त्यावरून हलेनात. दीडला मोटरसायकल आली. मागे धुरपता, मांडीवर थैली. उतरून ती उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मामीजी, चला ना आत. मी माफी मांगली ना!" टिकाराम सासूला म्हणाला.

"मांगली, कोहमाऱ्याले. बोलला होतास पंगतीत."

टिकारामने अकरा जणांसमोर हात जोडले. "मामीजी, चुकलो मी."

"बरं," म्हणत धुरपता आत आली. खाटेवर आजी, मुलगी, नात ओळीने बसल्या. रुख्माला सुई कधी टोचली ते कळलंही नाही.

"थैलीत का आणलं वो माय?"

"लुगडे. चार." धुरपता खुंटी शोधत म्हणाली. "एका दिवसासाठी येवढ्या दूर कोण येते?"