ब्याण्णव युनिट

रीडरसाहेब स्टुलावर चढले, चष्मा कपाळावर सरकवला आणि मीटरच्या काचेला जवळजवळ नाक लावून आकडा वाचला. मग खाली उतरून तो वहीत लिहिला. गेले तीस दिवस, दिवसातून तीन वेळा, हाच उद्योग. चौतीस वर्षं लोकांची मीटरं वाचून निवृत्त झालेला माणूस घरी बसून दुसरं करणार तरी काय!

आजचा आकडा शेवटचा. त्यातून पहिला वजा केला. खात्री म्हणून पुन्हा केला. ब्याण्णव युनिट.

"संपला विषय!" जिन्याच्या तोंडाशी जाऊन ते ओरडले. "सोलर पॅनेल आपल्याला परवडत नाहीत."

हे वर बसलेल्या काकूंना, त्यांच्या बायकोला, ऐकवलेलं. त्यांचं शिवणकाम गच्चीलगतच्या खोलीत चालायचं; साहेब महिनाभर खाली मीटरपाशीच. हल्ली त्या कठडा धरून एकेक पायरी उतरायच्या. उजवा गुडघा महिनाभर सुजलेला होता. साहेबांनी तेल चोळलं, शेक दिला, शेवटी डॉक्टरकडे नेलं. "पायाला विश्रांती द्या, नाहीतर शिवणकाम सोडावं लागेल," डॉक्टरांनी सांगून टाकलं. त्यानंतर दोन दिवस काकूंना जेवण गेलं नव्हतं.

तासाभरात पॅनेलवाला आला. वही लिहायला त्यानंच लावलं होतं. लेकीनं आईच्या खोलीत नुकताच सगळा थाट करून दिला होता: मशीनला मोटर, मोठी इस्त्री, कूलर. तेव्हा जुनी बिलं बघून उपयोग नाही, नवा वापर मोजा, असं त्याचं म्हणणं. महिन्याला दीडशेच्या वर गेलं तर पॅनेलचे पैसे सात वर्षांत वसूल. शंभराच्या आत राहिलं तर चौदा.

"चौदा वर्षांनी मी ऐंशीचा होईन," साहेब हसत म्हणाले. "वसुली बघायला असेन, नसेन."

हसले खरे, पण आतून हिरमुसले होते. पॅनेल त्यांना मनापासून हवे होते. जन्मभर मीटर पुढेच पळताना पाहिलं. आपल्याच छपरावर वीज तयार होताना एकदा बघायची फार हौस होती. पण हिशेब म्हणजे हिशेब.

पॅनेलवाल्यानं वहीची पानं उलटली. "गेल्या वर्षी याच महिन्यात किती होतं, काका?"

"नव्वद."

"आणि आता मोटर, इस्त्री, कूलर धरून ब्याण्णव?"

"माल उत्तम आहे," साहेबांची छाती फुगली. "काही खातच नाही!"

"काका, उपाशी राहून कूलर चालत नाही. चला, वर जाऊन बघू."

खोलीचं दार उघडंच होतं. आत भट्टी पेटल्यासारखा उकाडा. कूलर तोंड भिंतीकडे करून उभा, त्यावर चादर. मोटर फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेली. इस्त्री खोक्यातून बाहेरच आली नव्हती. काकू उजवा पाय लांब पसरून, एकट्या डाव्या पायानं खडखड मशीन हाणत होत्या. पाठ घामानं भिजलेली.

"काकू, मोटर बिघडली का?" पॅनेलवाल्यानं विचारलं.

"छे! कोरी आहे."

"मग?"

काकूंनी पाय थांबवला. आधी साहेबांकडे, मग त्यांच्या हातातल्या वहीकडे पाहिलं.

"यांनी वही काढली ना. म्हटलं, महिनाभराचाच प्रश्न आहे. आकडा कमी आला की यांना बरं वाटतं."

"अगं, मला कमी नको होता! खरा हवा होता!"

"लग्न झाल्यापासून कधी खरा मागितलात? एक दिवा चुकून राहिला की 'कोण जाळतंय रे' म्हणून घर डोक्यावर घ्यायचात. या वेळी भरपूर जाळायचं असतं, हे मला कोण सांगणार?"

पॅनेलवाल्याला हसू फुटलं, पण साहेबांचा चेहरा पाहून त्यानं ते खोकल्यावर नेलं. दारात पाऊल टाकताच कुठल्या घरचं मीटर खोटं बोलतंय हे ओळखणारा माणूस! आणि स्वतःच्या घरी महिनाभर खोटं वाचत बसला. वर त्याच गुडघ्याला रोज तेल चोळत होता. साहेबांना भयंकर लाज वाटली.

ते वही बगलेत मारून खाली बसले आणि मोटर मशीनला लावू लागले. पट्टा दोनदा निसटला.

"राहू द्या, तुमच्यानं व्हायचं नाही."

"होईल."

तिसऱ्यांदा झालं. मग त्यांनी कूलरवरची चादर ओढली, त्याचं तोंड काकूंकडे फिरवलं आणि खोकं फोडून इस्त्री बाहेर काढली.

"पुढच्या महिन्यात याच तारखेला या," ते पॅनेलवाल्याला म्हणाले. "छपराचं माप मात्र आजच घेऊन ठेवा."

तो टेप घेऊन गच्चीवर गेला. साहेब खाली आले, वहीचं नवं पान उघडलं आणि स्टुलावर चढले. वर मोटर घुमू लागली, कूलर सुरू झाला. मीटरचा लाल दिवा, जो महिनाभर पेंगत होता, भराभर लुकलुकायला लागला. साहेब टक लावून बघत राहिले.

"अहो, इस्त्री तापली," वरून काकूंची हाक आली. "बंद करू का?"

"खबरदार!" साहेब स्टुलावरूनच ओरडले. "आणखी काही लावायचं राहिलंय का बघ!"