डेल्मरच्या दाराची चौकट

"तेवीस वर्षांचा आहे तो," मर्ल म्हणाला. "दाढी आहे, लग्न झालंय. आणि आपल्या हॅल्डन कॉलेजचा कोच त्याला पोरगा म्हणतो."

"मुलगीपण आहे एक," क्लेटनने भर घातली. "पेपरात फोटो होता. बापाच्या खांद्यावर बसलेली, डोक्यावर हॅल्डनची टोपी."

"मग पुढच्या वर्षी तिलाच घ्या म्हणावं. जरेल नको, बाकी कोणीही चालेल."

डेल्मर हसला, पण हसण्याआधी त्याने कात्री खुर्चीतल्या एमेटच्या कानापासून दूर नेली. पन्नास वर्षं तो मिल्स फोर्कमधल्या पोरांचे केस कापत होता आणि शनिवारी सकाळी त्याच्या दुकानात बास्केटबॉलशिवाय दुसरा विषय निघत नसे. केस कापायला येणारे थोडे, बोलायला येणारे जास्त. मर्लने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. क्लेटन जन्मभर पोस्टमन. दोघांच्याही डोक्यावर आता कात्री लावण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, पण खिडकीजवळच्या दोन खुर्च्या त्यांच्याच.

गुरुवारपासून सगळं गाव सुन्न होतं. जरेल विगिन्स, साडेसहा फुटांचा, मिल्स फोर्कच्या शाळेचा, आईबापांसकट सगळ्यांना ठाऊक असलेला मुलगा, ओहायोतल्या कुठल्यातरी कॉलेजात चालला होता. हॅल्डन कॉलेज गावापासून अकरा मैलांवर. जरेलचा आजा हॅल्डनच्या सामन्यांना बर्फातून चालत गेल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ. आणि हॅल्डनने घेतला लिथुआनियाचा एक बाप्या.

"कोचचं म्हणणं काय, तर जरेल अजून कोवळा आहे," क्लेटन म्हणाला. "एक वर्ष आणखी असतं तर घेतला असता."

"प्रत्येकाला हेच सांगतात. कोच बदलले, वाक्य तेच."

एमेटची आई डेना भिंतीलगतच्या बाकावर बसून हे ऐकत होती आणि ऐकतही नव्हती. तिच्या मांडीवरच्या पिशवीत गणिताचे सहा कागद होते. एमेट सातवीत. जानेवारीपर्यंत वर्गात पहिल्या तिघांत असणारा मुलगा गेले तीन महिने गणितात गटांगळ्या खात होता. कारण कळेना. डेना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मदतनीस होती. दिवसभर लोकांच्या नाकावर काचा बदलत 'ही बरी दिसते की ही?' असं विचारायचं, हेच तिचं काम. तेव्हा आधी तिने त्याचे डोळे तपासून घेतले. डोळे ठणठणीत. मग रक्त तपासलं, मग फोन काढून घेतला, झोपायची वेळ अलीकडे आणली. रोज संध्याकाळी जेवणाचं टेबल पुसून ती त्याच्याबरोबर अपूर्णांक घेऊन बसायची. ॲपल-पायचे तुकडे करून दाखवायची. एमेट मान हलवायचा आणि चुकीचं उत्तर लिहायचा. दहा गणितांत नेमकी सहा चूक. कधी सात नाहीत, कधी पाच नाहीत.

गेल्या मंगळवारी ती न्हाणीघरात नळ सोडून रडली होती. नवरा, रस, दाराबाहेरून म्हणाला होता, "अगं, एवढं काय त्यात. गणित म्हणजे सगळं आयुष्य नाही."

आज घरी गेल्यावर हे सहा कागद करायचे, असं तिने ठरवलं होतं. हे मनात घोळत असतानाच तिची नजर सवयीने मागच्या खोलीच्या दाराकडे गेली.

ती चौकट म्हणजे गावाचं पंचांग. डेल्मरच्या बापाने सुरू केलेला रिवाज. केस कापून झाले की पोराने चौकटीला टाचा लावून उभं राहायचं. डोक्यावर कंगवा आडवा ठेवून डेल्मर पेन्सिलने रेघ मारणार. रेघेपुढे नाव, तारीख, आणि शाळा संपण्याचं साल. सालाशिवाय उंचीला अर्थ नाही, असं डेल्मरचं म्हणणं. सहा फूट कोणीही होतं. कुठल्या वर्गात होतं ते महत्त्वाचं. पूर्वी हॅल्डनचा एक दुय्यम कोच केस वाढलेले नसतानाही यायचा, फक्त चौकट वाचायला. रसचीही रेघ होती तिथे. सहा फूट दोन इंच, २००८. त्या वर्षी ऑगस्टपर्यंत रसने हॅल्डनच्या पत्राची वाट पाहिली. मग तो गाड्यांच्या कारखान्यात लागला आणि अजून तिथेच फोर्कलिफ्ट चालवत होता.

एमेटच्या रेघा दाराच्या डाव्या बाजूला होत्या, चौथ्या वर्षापासूनच्या. प्रत्येक वेळी तो हळूच टाचा उचलायचा आणि डेल्मर बुटाने त्याच्या बुटावर टिचकी मारायचा, "टाचा खाली, चोरा." शेवटची रेघ फेब्रुवारीतली. नाव, तारीख, २०३१. ते ३१ खोडलेलं होतं. वर गडद पेन्सिलने ३२.

डेनाला हसू आलं. बिचारा डेल्मर. सत्तरी उलटली त्याची.

"डेल्मर," ती म्हणाली, "एमेटचं साल चुकलंय तुमचं. तो एकतीसचा. एकदा या आमच्याकडे, मी स्वतः डोळे तपासते तुमचे. मोतीबिंदू असेल तर आत्ताच कळेल."

कात्रीचा आवाज थांबला.

क्लेटनने पेपर उचलला. मर्ल मात्र जन्मभर बसमध्ये मागे न बघता बोलत आलेला माणूस. तो म्हणाला, "नाही गं पोरी, बत्तीसच ते आता. रसनेच बदलून घेतलं ना."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? मागे ठेवताय ना त्याला एक वर्ष. सातवी परत."

"मर्ल," डेल्मर म्हणाला.

"का, त्यात लपवायचं काय आहे? शहाणपणाचं काम केलंय रसने. जरेलचं काय झालं बघितलंस ना? कोवळा म्हणे. एमेट एक वर्ष मागे राहिला की वर्गात सगळ्यात मोठा, सगळ्यात उंच. मग बघू कोण कोवळा म्हणतं. आम्ही तर हिशेबच करून टाकला. बत्तीसला हॅल्डनचे दोन्ही उंच खेळाडू बाहेर पडलेले असणार."

डेना हसतच होती. तोंडावरचं हसू काढायला ती विसरली होती. तिला वाटलं, ही शनिवारची थट्टा आहे, हे दोघे असेच कोणाचंही लग्न लावतात, कोणालाही मेला म्हणून सांगतात.

"शाळा असं करत नाही," ती म्हणाली. "त्याचे मार्क बघा. असल्या मुलाला कोण मागे ठेवेल?"

"तेच ना. चांगल्या मार्कांना ठेवत नाहीत. एक विषय तरी लटकलेला लागतो." मर्लने तिच्याकडे कौतुकाने पाहिलं. "रस म्हणाला, गणिताचं जमवलंय."

दुकानात रेडिओ चालू होता. त्यावर कोणीतरी मक्याचा भाव सांगत होतं. तो किती होता हे डेनाला पुढे कितीतरी दिवस पाठ राहिलं.

ती बाकावरून उठली नाही. तिने फक्त समोरच्या आरशात पाहिलं. पट्ट्यापट्ट्यांच्या कापडातून वर आलेलं एमेटचं डोकं खाली होतं. एका बाजूचे केस कापलेले, दुसऱ्या बाजूचे नाहीत.

"एमेट."

त्याने डोळे वर केले. आरशातच.

"पाऊण भागिले दोन पंचमांश."

या आठवड्यात रोज संध्याकाळी ती हेच विचारत होती. चार दिवस हेच एक गणित चाललं होतं. ॲपल-पायचे तुकडे संपले, सफरचंदं संपली, शेवटी तिने कागदाची वर्तुळं कापली होती. चारही दिवस त्याने चार वेगवेगळी उत्तरं दिली होती.

"एक पूर्णांक सात अष्टमांश," एमेट म्हणाला.

ना बोटं हलली, ना ओठ. विचारायचा अवकाश.

डेनाला त्याचा राग आला नाही. तिला आठवली ती त्याची चुकीची उत्तरं. किती नीटनेटकी होती ती. चूक करण्यासाठी त्याला प्रत्येक गणित आधी बरोबर सोडवावं लागत असेल. मग खोडायचं. मग दुसरं काहीतरी लिहायचं, खरं वाटेल असं. आणि समोर आई वर्तुळं कापत बसलेली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"ख्रिसमसनंतर."

"मला का नाही सांगितलंस?"

एमेट कापडाखाली हात चोळत होता, तेवढं दिसत होतं. "बाबा म्हणाले, सुट्टी लागली की सांगू. म्हणाले, आईला आत्ता सांगू नकोस, ती उगाच काळजी करत बसेल."

क्लेटनने पेपर खाली ठेवला. तीस वर्षं त्याने या गावात चांगली-वाईट पत्रं वाटली होती आणि दार उघडणाऱ्याच्या तोंडाकडे कधी बघायचं नाही हे तो शिकला होता. तो खिडकीबाहेर बघू लागला.

"आम्हाला वाटलं तुला माहीत आहे," मर्ल म्हणाला. त्याचा आवाज प्रथमच खाली आला होता. "देवाशपथ. रस इथेच उभा राहून म्हणाला, आम्ही दोघांनी ठरवलंय."

"किती दिवस झाले?"

"मार्चच्या आधीची गोष्ट."

म्हणजे सगळ्या गावाला माहीत होतं. दूधवाल्याला, चर्चमधल्या बायकांना. तिच्यासमोर हनुवटी टेकवून 'ही बरी दिसते, ही नाही' सांगणाऱ्या सगळ्यांना. ती त्यांच्या डोळ्यांत टॉर्च मारून बघत होती आणि ते तिच्याकडे बघत होते.

"तुला हवंय ते?" तिने एमेटला विचारलं. "परत सातवी?"

एमेटने आरशात डेल्मरकडे पाहिलं. डेल्मरचा हात त्याच्या खांद्यावर होता. पन्नास वर्षांच्या सवयीने तो हात पोराला हलू देत नव्हता.

"बाबांना हॅल्डनवाले म्हणाले होते ना, एक वर्ष असतं तर घेतलं असतं," एमेट म्हणाला. "मग मी म्हटलं, ठीक आहे." आणि पुढे म्हणाला, "ओटिस आणि बाकीचे आठवीत जातील. तेवढंच फक्त वाईट वाटेल."

ओटिस त्याचा शेजारी. बालवाडीपासून दोघं एका बाकावर.

"डेल्मर," डेना म्हणाली, "राहिलेले केस कापा."

तेवढंच तिला सुचलं. डेल्मरने कापले. एवढ्या काळजीने त्याने कोणाचे केस कापले नसतील. कात्री दोनदा हवेतच थांबली. मानेवर ब्रश फिरला, कापड झटकलं गेलं. फरशीवर पडलेले पिवळसर केस बघत डेनाने पिशवीतून ते सहा कागद काढले, घडी घातली, आणि ब्रशच्या डब्याजवळच्या कचऱ्यात टाकले.

"सोमवारी सकाळी मी शाळेत जाणार आहे," ती कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाली. "शाळेच्या कागदावर सही रसची असेल. मीपण आई आहे."

"जा," डेल्मर म्हणाला. "जायलाच हवं." मग कंगवा खिशात घालता घालता म्हणाला, "आज रेघ राहू दे."

पण एमेट खुर्चीतून उतरून सरळ दाराकडे गेला होता. केस कापले की रेघ, चौथ्या वर्षापासून. तो पाठमोरा वळला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. डेल्मरने नाइलाजाने कंगवा काढला. सवयीने बूट पुढे केला आणि एमेटच्या बुटावर टिचकी मारली. टाचा खालीच होत्या. दोन्ही टाचा फरशीला चिकटलेल्या.

डेल्मरने कंगवा आडवा ठेवला, रेघ मारली, पेन्सिल कानामागे खोचली, आणि चष्मा वर सरकवून बघत राहिला. रेघ फेब्रुवारीच्या रेघेखाली आली होती. अर्धा इंच.

मर्लचं तोंड उघडलं. क्लेटनने त्याच्या हातावर हात ठेवला.

कोणालाच कळेना. डेनाला कळलं. तिने पाहिलं होतं, पोराची पँट गुडघ्यापाशी सैल पडली होती, मागे चौकट आणि पाय यांच्यात हाताचा पंजा जाईल एवढी फट होती. जन्मभर टाचा उचलणारा मुलगा गुडघे वाकवून उभा होता. सरळ समोर बघत, ओठ घट्ट मिटून.

ती उठून त्याच्याजवळ गेली. कापलेल्या केसांवर गुडघे टेकून खाली बसली. तो पहिल्यांदा उभा राहायला शिकत होता तेव्हा धरायची तसे तिने त्याचे दोन्ही गुडघे तळव्यांत धरले आणि हळूच मागे दाबले.

डेल्मरच्या हातातला कंगवा एमेटच्या डोक्यावर अजून तसाच होता. तो आपोआप वर सरकू लागला. नव्या रेघेवरून, मग फेब्रुवारीच्या रेघेवरून, आणि तिच्याही बोटभर वर जाऊन थांबला. खालची रेघ तिथेच राहिली. डेल्मरने कानामागची पेन्सिल काढली.