तक्रार नाही, बाई

दहावी 'ब'मध्ये खरी नावं फक्त हजेरीपुरती होती. हजेरी संपली की फूटपट्टी, वायफाय, मोठा बटाटा, छोटा बटाटा अशी सगळी मंडळी आपापल्या बाकावर रुजू व्हायची. यातली निम्मी नावं एकाच मुलीनं ठेवलेली होती, आणि तिचं स्वतःचं नाव होतं टोल.

तिचे वडील त्याच शाळेत शिपाई. तास संपला की टोल तेच द्यायचे. पण नाव काही त्यावरून पडलं नव्हतं. आठवीत एकदा विज्ञानाच्या तासाला ती अशी खणखणीत हसली, की शेजारच्या वर्गातली पोरं तास संपला समजून दप्तरं भरायला लागली. तेव्हा मागच्या बाकावरच्या स्टेपनीनं तिथल्या तिथं नामकरण उरकलं. स्टेपनी म्हणजे शाळेच्या संघात कायम राखीव असणारा, आणि ते नाव त्याला टोलनंच दिलेलं. थोडक्यात, फिटंफाट झाली होती.

एका सकाळी वडील नोटीस घेऊन वर्गात आले. स्टेपनी मागून ओरडला, "मामा, तुमचा टोल इथं अर्धा तास नुसता वाजतोय. उतरवून न्या बरं!"

वर्ग फुटला. सगळ्यांत मोठ्यानं टोलच हसली. वडीलही नोटिशीच्या आड तोंड लपवून हसत होते. फक्त दारातल्या बाई हसल्या नाहीत. त्या शाळेच्या नव्या पर्यवेक्षिका. रुजू होऊन जेमतेम महिना झाला होता.

मधल्या सुट्टीत त्यांनी टोलला आपल्या खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, पुढ्यात कोरा कागद ठेवला.

"तू शिपायाची मुलगी, म्हणून ही मुलं तुझी टर उडवतात. आणि तू बिचारी हसून सोसतेस. आता सोसायचं नाही. इथं सगळं लिहून दे. त्या मुलाला मी आठ दिवस घरी बसवते."

टोलची कानशिलं तापली. तीन वर्षांत वर्गानं तिला नाही नाही ते म्हटलं होतं, पण 'शिपायाची मुलगी' कुणी म्हटलं नव्हतं. ते ती आज पहिल्यांदा ऐकत होती, तेही खुर्चीवर बसवून, मायेनं.

"माझी तक्रार नाही, बाई."

"घाबरू नकोस. मी आहे ना."

"घाबरत नाहीये. तो मला चिडवतो, मी त्याला चिडवते. त्यांनी मला नाव ठेवलंय, बाई. नावं नाही ठेवलेली."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. "शब्दांशी खेळू नकोस. मामांना बोलाव."

वडील आले आणि दाराशीच उभे राहिले. त्यांना कुणी खुर्ची दिली नाही, म्हणून टोलही उठून उभी राहिली. बावीस वर्षांत या खोलीत वडिलांच्या तोंडून 'हो' सोडून दुसरा शब्द निघाला नव्हता, हे तिला ठाऊक होतं.

"मामा, हिला समजवा. हिच्या भल्याचंच सांगतेय मी."

वडिलांनी आधी कागदाकडे पाहिलं, मग लेकीकडे. "तुला लागलं का गं त्याचं बोलणं?"

"नाही, बाबा."

"मग बाई, न लागलेलं ती लागलं म्हणून कसं लिहील?" बोलून झाल्यावर त्यांनाच आपल्या धिटाईचा धक्का बसलेला दिसला, पण ते थांबले नाहीत. "मला पण पोरं घड्याळ म्हणतात. मी ओ देतो."

"तुम्ही ओ देता म्हणून ते बरोबर ठरत नाही, मामा. सगळ्यांनाच ओ देणं जमतं असंही नाही," बाई म्हणाल्या.

टोलला ते वाक्य आवडलं नाही. आवडलं नाही, तरी डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी बाई खडूचं रिकामं खोकं घेऊन वर्गावर आल्या. "ज्याला कुठल्या नावाचा त्रास होतो, त्यानं चिठ्ठी लिहून यात टाकावी. स्वतःचं नाव लिहू नका. एकही चिठ्ठी वर्गात वाचली जाणार नाही. माझा शब्द आहे."

पोरांना असलं काही मिळालं तर ती गप्प बसणार होती थोडीच! खोकं भरून ओसंडलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाई ते घेऊन परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद होता.

"ही थट्टा चाललीय? ऐका तुमचेच पराक्रम. 'मला अजून कुणी नाव ठेवलेलं नाही, हा माझ्यावर अन्याय आहे.' आणि ही, 'मी छोटा बटाटा. माझी उंची वाढली आहे, तरी कृपया बढती मिळावी.'"

वर्ग हसू दाबून दाबून निळा पडायला आला. बाईंनी तिसरी चिठ्ठी उघडली. त्यांचा आवाज चढलेलाच होता, आणि त्याच आवाजात त्यांनी ती वाचून टाकली.

"'मला खोडरबर म्हणतात. मला घरी गेल्यावर रडू येतं.'"

हसू जागच्या जागी विरलं. बेचाळीस माना खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकाकडे वळल्या. तिथं बसणारी मुलगी प्रत्येक ओळ तीनदा खोडून लिहायची, कुणाच्या अध्यात ना मध्यात. आता तिनं वहीत डोकं घातलं होतं. तिचे कान तेवढे दिसत होते, आणि ते पेटले होते.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या. "कुणी ठेवलं हे नाव? तोच ना, शेवटच्या बाकावरचा?"

स्टेपनी उठायला लागला. त्याच्या आधी टोल उठली.

"मी ठेवलं."

ती बाईंकडे न बघता खिडकीकडे वळली. आवाज कधी नव्हे तो फुटेना. "मला वाटायचं तू पण हसतेस. नीट बघितलंच नाही मी. चुकले. परत कुणी म्हणणार नाही, म्हटलं तर माझ्याशी गाठ आहे."

मग ती बाईंकडे वळली, तेव्हा आवाज परत जागेवर आला होता.

"आणि बाई, चिठ्ठी वाचणार नाही असा शब्द दिला होतात तुम्ही. मी तिला वर्षभर छळलं, ते माझं चुकलं. पण आत्ता सगळ्यांसमोर तुम्ही तिला उघडं पाडलंत."

"बाहेर हो!"

"होते. पण स्टेपनीविरुद्ध मी लिहून देणार नाही. आजही नाही, उद्याही नाही."

तीन दिवस ती वर्गाबाहेरच्या बाकड्यावर बसली. रोज बाई कागद पाठवायच्या, दोन्ही गोष्टी लिहून मागायच्या, माफीही आणि तक्रारही. रोज ती माफी लिहायची, पानभर, मनापासून, आणि खालची जागा कोरी ठेवून परत पाठवायची. वडील जाता-येता तिच्याकडे बघायचे, बोलायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या शेजारी पाण्याची बाटली ठेवताना पुटपुटले, "पाठ टेकून बस. अजून वेळ लागेल."

तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत खिडकीजवळची ती मुलगी वह्या घेऊन बाहेर आली.

"गणिताची तीन प्रकरणं झालीत. उतरवून घे."

टोलनं वही घेतली. "तू अजून चिडलीयेस माझ्यावर?"

"हो."

"बरं."

मुलगी बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. "दुसरं काही नाव नको ठेवूस. मला माझंच नाव आवडतं."

"मग त्यानंच हाक मारणार," टोल म्हणाली, आणि ते नाव अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं मोठ्यानं घेतलं. मुलगी दचकली, आणि मग तिला हसू आलं. ते हसू टोलनं या वेळी नीट निरखून पाहिलं.

समोरच्या खोलीचं दार उघडलं. दारात बाई उभ्या होत्या, हातात चौथा कोरा कागद.

"अजून तुमचं हसणं संपलं नाही वाटतं? लिहिणार आहेस की नाही?"

"माफी लिहिते, बाई," टोलनं कागदासाठी हात पुढे केला. "तेवढीच."

बाईंनी आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाहिलं. शेजारची मुलगी उठून गेली नव्हती. उलट तिनं पेन काढून टोलच्या पुढे धरलं होतं. बाईंनी हातातला कागद दिला नाही. त्याची घडी घातली, घडीवर घडी घातली आणि म्हणाल्या, "वर्गात जा. दोघीही."